पाचवं ढेकूळ

धरणगावात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन भाकितं होतात. एक पावसाचं, ते पुष्पाबाई करते. दुसरं पिक्चरचं, ते तिचा नवरा अभिमन करतो. पावसाचं चुकलं तर लोक ढगांना नावं ठेवतात. पिक्चरचं चुकलं तर अभिमनला ठेवतील, पण गेल्या नऊ वर्षांत तशी वेळ आली नव्हती आणि त्यामुळे गडी जरा चढूनच गेला होता.

पिक्चरचं भाकीत म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्या मराठी पिक्चरांना एक मोठा पुरस्कार मिळतो, त्याची नामांकनं आखाजीनंतर दोन-तीन दिवसांत जाहीर होतात. शंभरावर पिक्चर रांगेत, त्यातले पाच निवडायचे. कोणते पाच, ते अभिमन आधीच कागदावर लिहितो, आखाजीच्या दुपारी घरापुढच्या निंबाखाली पत्त्यांचे डाव रंगलेले असताना उभा राहून मोठ्यानं वाचतो आणि कागद प्रेमराजच्या हवाली करतो. प्रेमराज म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात उभा जन्म घातलेला माणूस. तोही दरवर्षी आपला एक कागद लिहितो आणि दरवर्षी तोंडावर आपटतो. हरणाऱ्यानं सगळ्या मंडळींना आमरस वाढायचा आणि स्वतः सर्वांत शेवटी, पातेल्याच्या तळाला जे उरेल ते खायचं, अशी शर्त. नऊ वर्षं झाली, बिचारा प्रेमराज तळच खरवडतो आहे.

अभिमनला हे कळतं कसं? तर धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये त्यानं एकतीस वर्षं मशीन चालवलं. पब्लिक पिक्चर बघायचं आणि अभिमन भोकातून पब्लिक बघायचा. बाया कुठे पदर डोळ्याला लावतात, बाप्ये कुठे बिडी ओढायला उठतात, सगळं डोक्यात पक्कं. मशीनच्या खडखडाटानं उजवा कान गेला तो गेलाच. वर एक खोड लागली. पिक्चर संपून पडद्यावर नावं सरकायला लागली की त्याचा हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जायचा. नावं वाचायला थांबतं कोण! पब्लिक उठलेलं, झाडूवाली दारात उभी, पुढच्या खेळाची रांग बाहेर कालवा करते आहे. खट्. दिवा बंद. पुढे टॉकीज मोडली, तिथं मंगल कार्यालय झालं, अभिमन धरणगावी घरी परतला, तरी खोड काही जाईना. आता जळगावच्या गारेगार थेटरात तिकीट काढून बसला तरी नावं सुरू झाली की हा चप्पल शोधायला लागलाच म्हणून समजा.

तर त्याचं एक शास्त्र होतं. म्हातारं माणूस पाच मिनिटं काही न बोलता खिडकीबाहेर बघत बसलं, की पिक्चर अर्धा आत. हिरोनं डोकं भादरलं किंवा पोट वाढवलं, की उरलेला आत. समुद्र दाखवला तर परीक्षकांना राहवतच नाही. आणि ज्या पिक्चरला जळगावात तीनच टाळकी होती, त्यातली दोन नुसती गारव्याला आलेली, त्याचं नामांकन म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उलट ज्यात पब्लिक पोट धरधरून हसलं, तो पिक्चर कामातून गेला. हसवणाऱ्याला पाहुण्यासारखं बसवतात, बक्षीस देत नाहीत, असं अभिमन म्हणायचा.

यंदा याच ठिकाणी घोडं पेंड खात होतं.

यंदा ‘पाटचारी’ नावाचा एक लहानसा पिक्चर आला होता. गिरणेच्या काठी, भडगावच्या बाजूला काढलेला. पाटाच्या पाण्याची राखण करणारा एक तिरसट माणूस आणि रोज नवी शक्कल लढवून पाणी वळवून नेणारी त्याची सख्खी बहीण, अशी गोष्ट. समुद्र नाही, कुणी मरत नाही, कुणाचं डोकं भादरलेलं नाही. पब्लिक सुरुवातीपासून शेवटपर्यंत खिदळतं. आणि त्या पिक्चरमधला आवाज, म्हणजे पाणी, पाखरं, पावलं, पाटाचं दार उघडताना होणारी करकर, हे सगळं केलं होतं दिपमालानं. दिपमाला म्हणजे अभिमनची एकुलती एक पोर.

बापलेकीचं या कामावरून बिनसलं होतं. भांडण नव्हे हो, भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं. सहा वर्षांपूर्वी दिपमालाला जळगावला जिल्हा परिषदेत पक्की नोकरी लागली होती, धरणगावात पेढे वाटून झाले होते. सात महिन्यांत पोरगी नोकरी सोडून पुण्याला निघाली. कशाला, तर म्हणे आवाजाचं शिकायला! त्या दिवशी अभिमन चार लोकांदेखत बोलून गेला, "एकतीस वर्षं मी अंधारात बसलो. कोण्या पडद्यावर माझं नाव आलं नाही. जा, तूही तेच कर." पोरगी तशीच उठली. पिशवी उचलून गेली. तेव्हापासून फोन रोज यायचा, जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारून व्हायचं, मध्ये नाशिकच्या योगराजशी लग्नही थाटात झालं, पण कामाचा विषय निघाला की दोघंही हवापाण्यावर यायची. तिनं सांगायचं सोडलं होतं आणि त्याला विचारायची लाज वाटायची. चांगला हट्टाकट्टा माणूस, पण पोरीपुढे जीभ टाळ्याला चिकटायची.

खरी गंमत तर पुढे आहे. ‘पाटचारी’ अभिमननं चार वेळा पाहिला होता. दोनदा जळगावला, एकदा भुसावळला, एकदा थेट धुळ्याला जाऊन. बायकोला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. चार वेळा गेला, दात होते तेवढेच राहिले, पुष्पाबाईनं काय ते ओळखलं आणि मूग गिळून बसली. भुसावळला तर तो इतका हसला की शेजारच्या रेल्वेच्या बाबूनं पाणी दिलं. आणि चारही वेळा नावं सुरू झाल्याबरोबर उठून बाहेर आला.

आखाजीच्या सकाळी पुष्पाबाई घागर मांडत होती. आपल्याकडे ही रीतच आहे. कोरी लाल घागर पाण्यानं भरायची, वर लहान मडकं, त्यावर खरबूज, आंबे, सांजोरी, पितरांच्या नावानं हात जोडायचे. आणि घागरीखाली शेतातली चार ढेकळं ठेवायची. एकेक ढेकूळ एकेका महिन्याचं, आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. कोरी घागर पाझरते. जे ढेकूळ जास्त भिजेल त्या महिन्यात पाऊस जास्त. अभिमन अंघोळ करून आला आणि बघतो तर घागरीखाली पाच ढेकळं.

"पाचवा महिना कोठून उना?" त्यानं विचारलं.

"महिना नही. पोरीचा पिक्चर शे तो," पुष्पाबाई म्हणाली आणि ढेकळाला कुंकवाचं बोट लावलं.

"येडी शे का तू? ढेकळाले पिक्चरातलं काय समजस?"

"पावसातलं समजस ना? मग पिक्चर काय त्याच्यापेक्षा अवघड लागून गेला?" पुष्पाबाईनं घागर नीट बसवली, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं. "तुमच्या कागदवर शे का तिचं नाव?"

अभिमननं टोपी झटकली. कागद रात्रीच लिहून झाला होता. पाच नावं, आणि त्यात ‘पाटचारी’ नव्हता. त्यानं तीनदा लिहिला होता, तीनदा खोडला होता. शास्त्र म्हणत होतं, येणार नाही. नऊ वर्षं त्यानं कागदावर कुणाची भीडमुर्वत ठेवली नव्हती, आता पोरीसाठी ठेवायची म्हणजे गावात तोंड कसं दाखवायचं? आणि पोरगी काय लहान आहे, तिला कळलं नसतं का की बापानं खोटंच लिहिलंय? पण हेही खरं की पोरीचं नाव खोडताना पेन जड झालं होतं.

"कागदात नातंगोतं चालत नही," तो म्हणाला.

"ठेवा मग तो कागद उशाशी," पुष्पाबाई म्हणाली आणि मांडे करायला चुलीकडे गेली.

दुपारी निंबाखाली मंडळी जमली. डाव अर्ध्यावर ठेवून सगळ्यांनी माना वर केल्या. दिपमाला कुरडयांचं ताट घेऊन दारात उभी. सकाळीच ती नाशिकहून आली होती, मागच्या अंगणात झोक्यावर बसून, मैत्रिणींबरोबर गाणी म्हणून तिचा घसा बसला होता. अभिमननं घसा खाकरला आणि वाचायला लागला.

"समुद्राचं भाडं. निवृत्त वाघ. सोळावा जिना. मामाचं मृत्युपत्र. आणि पाचवा, खिडकीतली बाई."

बस. कागदाची घडी घातली. दाराकडे बघायची हिंमत झाली नाही.

मग प्रेमराज उठला. त्याला तर काय, उत्साह दांडगा! त्यानं चष्मा लावला आणि पहिलंच नाव वाचलं, "पाटचारी!" वर आणि म्हणाला, "आणि बाकीचे चार कोणतेही येऊ द्या, मले काही घेणं नही!"

मंडळी हसली. दिपमाला तर इतकी खूश झाली की ताट तसंच प्रेमराजच्या हातात देऊन म्हणाली, "काका, तुम्ही पाहिला?"

"दोनदा! त्या पाटाचं दार उघडस ना, तो आवाज ऐकून मना तर दातच शिवशिवले!"

अभिमनला वाटलं, आपल्या पायाखालची चटई कुणीतरी ओढली. चार वेळा पाहिला मी, आणि दोनदावाला हा बाबा पोरीचा लाडका! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. तेवढ्यात दिपमाला त्याच्याकडे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तुमचा कागद बरोबर आहे, आबा. मी लिहिला असता तरी हेच पाच लिहिले असते."

तिनं भांडायला हवं होतं. चिडली असती, ताट आपटलं असतं, तरी चाललं असतं. पण ती हसली आणि आत गेली. त्या हसण्यानं अभिमनचं जेवण गेलं. आखाजीचा मांडा, वर आंब्याचा रस, आणि हा माणूस अर्ध्या मांड्यावर उठला! पुष्पाबाईनं पाहिलं आणि उरलेला मांडा झाकून ठेवला.

जेवणं झाली, घर लवंडलं. बाया मागच्या अंगणात, बाप्ये निंबाखाली घोरताहेत. अभिमन ओसरीवर पडला होता, डोळा लागेना. शेवटी उठला, चष्मा न घेताच देवघराच्या खोलीत गेला. घागर पाझरत होती, पण जिकडे ती पाझरत होती तिकडे पाचवं ढेकूळ नव्हतं. त्यानं वाकून बोटानं चाचपलं. कोरडं ठक्क.

आता बघा, जन्मभर या ढेकळांची टर उडवलेला माणूस. पाऊस काय ढेकळाला विचारून पडतो, असं बायकोला म्हणणारा. तो मोरीत गेला, तांब्या भरला आणि परत येऊन घागरीपुढे उकिडवा बसला. गुडघे कडकडले. घागरीच्या मागे एक काळं केसाळ काहीतरी मुटकुळं करून पडलं होतं. शेजारच्या धुरपदाबाईच्या मांजरीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक येऊन झोपलं असणार. अभिमननं त्याला हाकललं नाही.

"तू काही पाहिलं नही, बरं का," तो पिल्लाला म्हणाला.

मग त्यानं थेंब थेंब करून ढेकळावर पाणी सोडलं. आणि पितरांना हात जोडून, हळू आवाजात, म्हणजे त्याच्या मते हळू आवाजात, जे पोटात होतं ते बोलला. "मनी पोरनं काम शे ते. चार वेळा देखा मी, चारही वेळा शेवटपर्यंत हसलो. पण कागद कसा लिहू? मले तेवढंच येतं. नऊ वर्षं खरा ठरला, यंदा एकदा खोटा पडू द्या. गाव हसलं तरी चालेल. प्रेमराजले पहिला रस मिळाला तरी चालेल. तिचं होऊ द्या." मग आणखी खाली वाकून, "तिले मी नको ते बोललो होतो. तेवढं पोटात घाला."

डोळे पुसले, तांब्या जागेवर ठेवला आणि ओसरीवर येऊन असा गाढ झोपला की चहाला उठवावं लागलं.

उठवलं ते दिपमालानं. चहाचा कप खाली ठेवून ती शेजारी टेकली. तिच्या हातात ते काळं केसाळ पिल्लू होतं. पिल्लाला शेपूट नव्हतं, पाय नव्हते, आणि पोटातून एक वायर निघाली होती.

"हे काय?" अभिमननं विचारलं, आणि विचारता विचारताच त्याच्या पाठीतून कळ गेली.

"माइक. वारा लागू नये म्हणून वर लव असते. सकाळपासून घागरीपाशी ठेवला होता, पाझरण्याचा आवाज घ्यायला." तिनं मोठे हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले. "ऐका."

आधी काहीच नाही. मग एक थेंब. अभिमननं असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. थेंब घागरीच्या पोटावरून घसरतो, बुडाशी येऊन जरा अडतो, सुटतो आणि कोरड्या मातीवर पडल्यावर माती त्याला पिते, त्या पिण्याचासुद्धा आवाज. एकतीस वर्षं मशीनचा खडखडाट ऐकलेला तो कान, जो एक उरला होता तो, नुसता गार झाला. एका थेंबात एवढं असतं? पोरगी हे ऐकते?

मग कडकड झालं. गुडघे! मग तांब्या. मग एक जाडाभरडा आवाज म्हणाला, "तू काही पाहिलं नही, बरं का."

अभिमननं हेडफोन काढायला हात नेले, तर दिपमालानं ते वरून धरून ठेवले. सगळं ऐकावं लागलं. पार ‘तेवढं पोटात घाला’पर्यंत. त्यानं जमिनीकडे बघत ऐकलं, आणि संपल्यावर वर बघितलं तर पोरीचं नाक लाल झालेलं आणि हसूही आवरत नव्हतं.

"आई सांगत होती, दातांच्या डॉक्टरकडे चार वेळा?" ती म्हणाली.

"मग काय तर. दाढ होती."

"आबा!"

"बरं, नव्हती," अभिमन म्हणाला. आणि मग एकदम सुटलाच. "ती बहीण पाण्यातून जास ना, साडी वर खोचून, आधी पावलं वाजतात डबक् डबक्, आणि भाऊ जवळ आला की नुसतं पाणी वाजतं, पावलं बंद! तिनं श्वास धरला ते मला दिसायच्या आधी ऐकू उनं! हे तूच केलं ना? कसं केलं?"

सहा वर्षांनी विचारलं त्यानं. दिपमालानं मग सगळं सांगितलं, पाटात रात्रंदिवस कशी उभी राहिली, पायाला जळू कशी लागली, ते करकरणारं दार शेवटी धरणगावच्याच एका जुन्या जिनिंगमधून कसं मिळालं. चहा निवला, त्यावर साय धरली, दोघांनी तसाच प्याला. पुष्पाबाई दोनदा येऊन डोकावून गेली आणि दुसऱ्या खेपेला आपणही खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर उचलली. धुरपदाबाई पावसाचं ऐकायला आली होती, तिला घराची कौलं फेरायची होती. पुष्पाबाईनं ढेकळं बघितली आणि कपाळाला हात लावला. श्रावणाचं ढेकूळ नुसता चिखल होऊन बसलं होतं.

"अगं माय! श्रावणात पूर येस का काय!" धुरपदाबाई म्हणाली.

अभिमनचा चेहरा पडला. त्यानं ते कोणतं ढेकूळ भिजवलं होतं? पुष्पाबाई ढेकळं गोल मांडते, आषाढापासून उजवीकडे. अभिमननं आषाढापासूनच मोजलं, पण डावीकडे, रीळ उलटं गुंडाळतात तसं, आणि पाचवं म्हणून हाती आलं ते श्रावण. म्हणजे सगळं पाणी आणि सगळी प्रार्थना श्रावणाच्या पदरात पडली होती. दिपमाला तोंडावर ओढणी दाबून खोलीबाहेर पळाली.

"आणि पाचवं?" अभिमननं चोरट्या आवाजात विचारलं.

पुष्पाबाईनं पाचवं ढेकूळ उचलून उजेडात धरलं. कोरडंच होतं, फक्त एका कोपऱ्याला, नखाएवढी, ओल लागली होती. "एक कोपरा भिजलाय," ती म्हणाली. "कोपऱ्यातलं काहीतरी शे." आणि धुरपदाबाईला म्हणाली, "धुरपदा, कौलं आषाढाआधी फेरून घे."

तिसऱ्या दिवशी चार वाजता नामांकनं जाहीर झाली. निंबाखाली सतरंजी, मध्ये रसाचं पातेलं, मंडळी गोल करून बसलेली. वाचायचं काम दरवर्षी प्रेमराजचं, कारण आवाज त्याचा खणखणीत. दिपमालाची पिशवी भरून ओसरीवर तयार होती, पाचच्या गाडीनं निघायचं होतं. ती बापाच्या मागे उभी राहिली. तिच्या तोंडावर काही नव्हतं, पण तिनं अभिमनच्या खांद्यावर हात ठेवला तर तो हात गार पडला होता.

प्रेमराजनं मोबाइल लांब धरला. "सर्वोत्कृष्ट चित्रपट. समुद्राचं भाडं. सोळावा जिना." अभिमननं डोळे मिटले. "खिडकीतली बाई. निवृत्त वाघ." आता एकच उरलं. अभिमननं मनातल्या मनात पितरांना आठवलं, घागरीला आठवलं, त्या चिखल झालेल्या श्रावणालाही आठवलं. प्रेमराजचा आवाज उतरला. "मामाचं मृत्युपत्र."

पाचही बरोबर. दहावं वर्ष. चार जणांनी टाळ्या वाजवल्या आणि अभिमनकडे बघून ते थांबले.

"आग लागो मना शास्त्राले," अभिमन म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांदेखत. "पोरनं काम या पाचांपेक्षा भारी शे. मी चार वेळा पाहिला. हा कागद बरोबर शे आणि ते परीक्षक चुकलेत!"

दिपमालानं खांदा घट्ट दाबला. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते चारचौघांत मिळालं होतं, जसं सहा वर्षांपूर्वी चारचौघांत गेलं होतं. प्रेमराज बिचारा उठून पळी घ्यायला निघाला, मोबाइल सतरंजीवर टाकून.

"ओ प्रेमराजभाऊ," दारातून पुष्पाबाई म्हणाली, "बाकीचं वाचा की."

"बाकीचं काय वाचायचं, वहिनी? ते कपडे, रंग, आवाज, ते कोणी वाचतं का?"

आवाज! अभिमनच्या कागदावर कधी आवाजाचा रकानाच नव्हता. एका कानाचा माणूस तो, आवाजाचं काय लिहिणार! त्यानं झडप घालून मोबाइल उचलला आणि प्रेमराजच्या हातात कोंबला. "वाच."

प्रेमराज बोटानं पान वर सरकवत गेला. वेशभूषा गेली, रंगभूषा गेली, संकलन गेलं. अगदी खाली, कोपऱ्यात, शेवटून दुसरं. "ध्वनी," तो वाचायला लागला. "समुद्राचं भाडं, कोण कोण ते... निवृत्त वाघ, हा कोण ते... आणि..." तो उभाच राहिला. "पाटचारी! पाटचारी, दिपमाला अभिमन!"

निंबावरचे कावळे उडाले एवढा गलका झाला. पुष्पाबाई ओरडली, "एक कोपरा! म्हटलं नव्हतं मी, एक कोपरा!" प्रेमराज पळी घेऊन नाचायला लागला. फक्त अभिमन बसल्या जागी बसून होता.

दिपमाला अभिमन. योगराज नाही, आडनाव नाही. चारही वेळा ते पडद्यावर आलं असणार, आणि चारही वेळा हा चप्पल शोधत होता.

"काय वाचलं?" तो म्हणाला. "ऐकू नही उनं."

प्रेमराजनं पुन्हा वाचलं. "पाटचारी, दिपमाला अभिमन."

"मोठ्यानं वाच. कान गेलाय मना."

तिसऱ्यांदा वाचलं. अभिमननं मान हलवली, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा."

दिपमाला त्याच्यापुढे येऊन बसली. तिचे डोळे भरलेले, पण कानाच्या बाबतीत तिला फसवणं शक्य नव्हतं. "आबा, काका तुमच्या डाव्या बाजूला आहेत. तो कान चांगला आहे."

"माहीत शे मले," अभिमन म्हणाला आणि तिचा हात धरून ठेवला. "प्रेमराज, वाच भो. आणि तिच्या पुढची नावंही वाच, पार शेवटपर्यंत. कोणी उठू नका."

रस गरम होत होता, पाचची गाडी केव्हाच गेली होती, पण कोणी उठलं नाही.